डॉक्टर, 'वयाच्या मानाने ठीक आहे' एवढंच सांगून आम्हाला घरी पाठवू नका

सगळ्या फॅमिली डॉक्टरांना आणि ओपीडीत बसणाऱ्या डॉक्टर मंडळींना,

नमस्कार. पत्र लांब होणारे, म्हणून आधीच सांगते की मी भांडायला आलेली नाही. आरडाओरडा करणारे नातेवाईक तुम्हाला भरपूर भेटत असतील, त्यात मला भर घालायची नाही. मला फक्त एका वाक्याबद्दल बोलायचंय. "वयाच्या मानाने ठीक आहे."

माझ्या बाबांना ६१व्या वर्षी पॅरालिसिसचा झटका, म्हणजे स्ट्रोक, आला. पहाटे बाथरूमला जायला उठले तर उजवा पाय उचलेचना, मला हाक मारायला गेले तर तोंडातून भलतेच शब्द यायला लागले. हॉस्पिटलमधल्या दुसऱ्या रात्री मी त्यांची जुनी फाईल मांडीवर घेऊन बसले होते, हाताला काहीतरी काम हवं होतं म्हणून. मी हिशेबाचं काम करते, त्यामुळे आकडे दिसले की ओळीने वाचतेच. वय ५५, बीपी १४८/९२. वय ५७, १५४/९४. वय ५८, १५२/९६. वय ६०, १६२/९८. चार वेळा चार वेगळ्या कारणांनी गेले होते, एकदा खोकला, एकदा गुडघा, एकदा कसलंसं सर्टिफिकेट, एकदा अंगावर पुरळ आलं होतं. प्रत्येक वेळी कुणीतरी बीपी मोजलं, स्वच्छ अक्षरात लिहिलं, आणि ज्यासाठी आले होते त्याचं औषध देऊन घरी पाठवलं. शेवटच्या वेळी मी सोबत होते. मी विचारलं पण होतं, जास्त नाहीये ना? तर उत्तर आलं, थोडं आहे, पण वयाच्या मानाने ठीक आहे, मीठ जरा कमी करा. आणि आम्ही दोघं निवांत होऊन घरी आलो.

ते डॉक्टर वाईट नव्हते. बाहेर पंचवीस माणसं बसलेली होती. आणि खरं सांगायचं तर त्या वाक्याने मलाही बरं वाटलं होतं, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही. पण त्या रात्री फाईलमधले चार आकडे एकाखाली एक वाचताना एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की आजार सहा वर्षं दार वाजवत होता, आणि आमच्याकडे त्याची लेखी नोंद होती. त्यानंतर गेली तीन वर्षं मी या विषयावर मिळेल ते वाचतेय. त्यातलं बरंच तुम्हाला कॉलेजात शिकवलं असेल, तरी एका पेशंटच्या मुलीला ते कसं दिसतं हे एकदा ऐका.

हे वाक्य फार जुनं आहे आणि त्याने फार मोठ्या माणसाचाही घात केलाय. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट. मार्च १९४४ मध्ये हॉवर्ड ब्रुएन नावाच्या तरुण हृदयरोगतज्ज्ञाने त्यांना तपासलं तेव्हा बीपी १८६/१०८ होतं आणि हार्ट फेल्युअरची लक्षणं दिसत होती. त्याआधी कितीतरी वर्षं ते बीपी चढत चाललं होतं, पण त्यांचे खासगी डॉक्टर जगाला सांगत राहिले की त्यांच्या वयाच्या मानाने तब्येत उत्तम आहे. १२ एप्रिल १९४५ ला रूझवेल्टनी डोकं प्रचंड दुखतंय म्हणून सांगितलं आणि कोसळले, तेव्हा मोजलेलं बीपी ३०० च्या वर होतं. मेंदूत रक्तस्राव. वय ६३. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाची ही गत. अर्थात तेव्हा चांगली औषधंच नव्हती, आणि त्या काळातल्या बऱ्याच तज्ज्ञांना वाटायचं की वय वाढल्यावर कडक झालेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त ढकलायला जास्त प्रेशर लागणारच, ते उतरवलं तर उलट नुकसान होईल. म्हणजे त्यांना माफ करता येतं. त्यांच्याकडे माहिती नव्हती.

ती माहिती मिळवायला १९४८ मध्ये अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम नावाच्या गावात काम सुरू झालं. ३० ते ६२ वयाची ५,२०९ माणसं, कुणालाही आधी हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक आलेला नाही, दर दोन वर्षांनी बोलवायचं, सगळं मोजायचं आणि वाट बघायची. मला या अभ्यासाचं सगळ्यात जास्त कौतुक वाट बघण्याचं वाटतं. कुणाला काय होतं ते बघायचं आणि मग मागे जाऊन बघायचं की त्याच्या फाईलमध्ये आधी काय लिहिलेलं होतं. मी त्या रात्री बाबांच्या फाईलचं जे केलं तेच, पण पाच हजार माणसांचं आणि अनेक दशकं. 'रिस्क फॅक्टर' हा जो शब्द आज तुम्ही आम्ही सगळे सहज वापरतो तो या लोकांच्या १९६१ च्या पेपरमुळे रूढ झाला. बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट, ही सगळी यादी तिथे उभी राहिली, आणि वयाबरोबर वाढणारं वरचं प्रेशर (बीपीचा पहिला आकडा) निरुपद्रवी असतं ही समजूत तिथेच पडली.

मग २००२ मध्ये जगभरच्या ६१ अभ्यासांमधली दहा लाख माणसं एकत्र करून हिशेब मांडला गेला. ४० ते ६९ वयात वरचं प्रेशर २० ने वाढलं की स्ट्रोकने किंवा हृदयविकाराने मरायचा धोका दुपटीच्या आसपास जातो, आणि ही चढण हाय बीपीची रेषा धरतात त्या १४० पासून नाही तर ११५ पासूनच सुरू होते. मला हे वाचून दोन दिवस झोप लागली नव्हती. बाबांचं १५४. म्हणजे ११५ पासून जवळजवळ दोन पायऱ्या वर, दुप्पट आणि परत दुप्पट. आम्ही ते 'थोडं जास्त' म्हणून घरी आणलं होतं.

इथे मला ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांचा विचार फार महत्त्वाचा वाटतो, १९८० च्या दशकात त्यांनी मांडलेला. ते म्हणायचे त्याचा मथितार्थ असा की समाजातले बहुतेक आजार खूप जास्त धोका असलेल्या मूठभर लोकांत होत नाहीत, ते थोडासा धोका असलेल्या प्रचंड लोकांत होतात, कारण त्यांची संख्याच तेवढी असते. बीपी २०० असलेला माणूस तुमच्यासमोर आला तर तुम्ही खुर्चीतून उठता, बरोबर आहे, उठायलाच हवं. पण असे किती येतात? १५० वाले रोज येतात, दिवसभर येतात, आणि गावातले बरेचसे स्ट्रोक त्यांच्यातूनच निघतात. माझे बाबा त्या मोठ्या घोळक्यातले एक होते. घोळक्यातल्या माणसाकडे कुणाचं लक्ष जात नाही.

आता वयाचं. वय वाढलं की बीपी वाढतं हे खरंच आहे. महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या, भिंतीत जे लवचिक तंतू असतात ते वर्षानुवर्षं दर ठोक्याला ताणले जाऊन तुटत जातात, त्यांच्या जागी टणक तंतू येतात, नळी कडक होते आणि हृदयाचा ठोका जो आधी भिंत झेलायची तो आता थेट पुढे जातो, मेंदूतल्या आणि किडनीतल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांपर्यंत. म्हणजे सर्रास आढळतं हे मान्य. पण सर्रास आढळणं वेगळं आणि चालण्यासारखं असणं वेगळं, आणि 'वयाच्या मानाने' म्हटलं की ऐकणाऱ्याला दुसरंच ऐकू येतं. उतारवयात बीपी उतरवून फायदा होतो का हे तपासूनही झालंय. १९९१ मध्ये ६० च्या पुढच्या ४,७३६ लोकांवरचा अभ्यास आला, ज्यांचं फक्त वरचं प्रेशर जास्त होतं, अगदी साध्या गोळ्यांनी स्ट्रोक ३६ टक्क्यांनी कमी झाले. २००८ मध्ये तर ८० च्या पुढच्या माणसांवरचा अभ्यास आला, तिथेही उपचार घेणाऱ्यांत मृत्यू २१ टक्क्यांनी कमी. ८० च्या पुढे, डॉक्टर! मग ५५ व्या वर्षी कसलं वय?

जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात शंभर कोटींहून जास्त प्रौढांना हाय बीपी आहे आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना ते माहीतच नाही. मी यात एक तिसरा गट धरते, ज्यांच्या फाईलला माहीत आहे पण त्यांना स्वतःला माहीत नाही.

हे सगळं बीपीचं झालं कारण आमच्या घरात ते घडलं. पण मला विनंती करायचीय ती त्याहून मोठी आहे. तुमच्या तोंडचं एक वाक्य जर आम्हाला सहा वर्षं झोपवू शकतं, तर तेच उलट पण होत असणार ना? मी तेच शोधत गेले आणि सापडलं.

१९७९ मध्ये मायकेल रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमधल्या २८ फॅमिली डॉक्टरांना घेऊन केलेला एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांच्याकडे कुठल्याही कारणाने येणारे २,१३८ सिगारेट ओढणारे पेशंट. काहींना काहीच सांगायचं नाही. काहींना डॉक्टरांनी एक-दोन मिनिटं, फक्त एक-दोन मिनिटं, सरळ सांगायचं की सिगारेट सोडा. आणि काहींना हेच सांगून वर एक पत्रक द्यायचं आणि म्हणायचं की मी नंतर चौकशी करणार आहे. वर्षभराने बघितलं. ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं त्यांच्यात सोडून टिकलेले ०.३ टक्के. नुसत्या सांगण्याने ३.३ टक्के. सांगणं, पत्रक आणि 'मी विचारणार आहे', ५.१ टक्के.

तुम्ही म्हणाल पाच टक्के म्हणजे काय, पंच्याण्णव जणांनी ऐकलंच नाही की. बरोबर, आणि मला माहितीये की हाच अनुभव रोज येऊन येऊन तुमची सांगायची इच्छा मेली असेल. शंभर जणांना सांगायचं आणि पंच्याण्णव तशाच पाकिटासकट परत येणार, कोण कंटाळणार नाही. पण ते पाच जण तुम्हाला दिसत नाहीत हो. ते पंधरा वर्षांनी कॅन्सर घेऊन येत नाहीत, म्हणून दिसत नाहीत. रसेलने तेव्हा हिशेब करून दाखवला होता की ब्रिटनमधल्या सगळ्या फॅमिली डॉक्टरांनी एवढंच केलं तर वर्षाला पाच लाखांहून जास्त लोक सिगारेट सोडतील, आणि तेवढं काम व्यसनमुक्तीच्या खास केंद्रांकडून करून घ्यायचं तर अशी दहा हजार केंद्रं उघडूनही पुरणार नाहीत. दोन मिनिटांची ही ताकद आहे. आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा भाग तो शेवटचाच, 'मी नंतर विचारणार आहे'. कुणीतरी विचारणार आहे म्हटल्यावर माणूस वेगळा वागतो.

आणि सिगारेट सोडून नक्की किती मिळतं हे तर तुमच्याच व्यवसायातल्या लोकांनी स्वतःवर करून दाखवलंय. १९५१ मध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांना पत्र पाठवून विचारलं, तुम्ही सिगारेट ओढता का? ३४ हजारांहून जास्त पुरुष डॉक्टरांची उत्तरं धरून पुढची पन्नास वर्षं हिशेब ठेवला. २००४ मध्ये निकाल आला. ओढत राहिलेले सरासरी १० वर्षं आधी गेले. साठीला सोडली त्यांना ३ वर्षं परत मिळाली, पन्नाशीला सोडली त्यांना ६, चाळिशीला ९, आणि तिशीला सोडली त्यांची जवळजवळ सगळी दहाच्या दहा. मला या अभ्यासातला साठीवाला आकडा सगळ्यात आवडतो. कारण साठीच्या माणसाला सगळे म्हणतात आता काय सोडून उपयोग, ओढू दे त्याला. तीन वर्षं म्हणजे काय असतं ते आमच्यासारख्या घराला विचारा.

शुगरचंही तसंच. 'बॉर्डरलाईन आहे, काळजी नको' हे त्या पहिल्या वाक्याचं सख्खं भावंड. २००२ मध्ये अमेरिकेत ३,२३४ अशा बॉर्डरलाईन लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला मेटफॉर्मिन ही डायबेटिसची गोळी, एका गटाला नुसती दिसायला तशीच गोळी, आणि एका गटाला वजन ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा, आणि मुख्य म्हणजे त्यासाठी कुणीतरी पाठीशी बसलेलं, शिकवणारं, विचारणारं. तीनेक वर्षांत मेटफॉर्मिनने डायबेटिस होण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी केलं आणि सवयी बदललेल्यांत ५८ टक्क्यांनी. साठीच्या पुढच्यांत तर ७१ टक्क्यांनी. म्हणजे इथे तर वय जास्त तर फायदा जास्त. आणि चीनमधल्या दाचिंग शहरात १९८६ मध्ये असाच एक अभ्यास सुरू झाला होता, ५७७ माणसं, सहा वर्षं आहार आणि व्यायामाचं मार्गदर्शन, नंतर बंद. तीस वर्षांनी बघितलं तेव्हाही फरक टिकून होता, डायबेटिस सरासरी जवळपास चार वर्षं उशिरा आला आणि माणसं साधारण दीड वर्ष जास्त जगली. सहा वर्षं कुणीतरी मागे लागलं त्याचं फळ तीस वर्षांनी मोजता येतंय. मी हिशेबात अशी गुंतवणूक बघितलेली नाही.

व्यायामाबद्दल मी थोडक्यात लिहिते कारण ते सगळ्यांना पाठ आहे, फक्त एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. जेरी मॉरिस म्हणून डॉक्टर होते. १९५३ मध्ये त्यांनी लंडनच्या दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना प्रसिद्ध केली. घरची परिस्थिती सारखी, नोकरी एकाच बसवर, पण ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसाला पाचशेच्या वर पायऱ्या चढतोय. हृदयविकार कंडक्टरांत कमी, आणि झाला तरी उशिरा आणि सौम्य. त्याआधी कुणाला ठामपणे माहीतच नव्हतं की नुसतं हलत राहिल्याने हृदय वाचतं. मॉरिस स्वतः व्यायाम करत राहिले आणि ९९ वर्षं जगले. आणि ते दहा हजार पावलांचं आम्हाला घाबरवणारं टार्गेट, ते १९६० च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकताना पुढे आलं, २०१९ च्या सरासरी ७२ वयाच्या बायकांवरच्या अभ्यासात ४,४०० पावलांवरही २,७०० वाल्यांपेक्षा मृत्यू ४१ टक्क्यांनी कमी दिसले आणि ७,५०० च्या पुढे फारसा जास्तीचा फायदा दिसला नाही. पेशंटला हे सांगा ना. दहा हजार ऐकून माणूस सोफ्यावरून उठतच नाही, साडेचार हजार ऐकून उठेल. बाबा आता काठी घेऊन घरातल्या घरात बाराशे चालतात आणि त्याची मी रोज नोंद ठेवते.

आता आईचं. हे वाक्य आमच्या घरात परत बोललं गेलं, गेल्या वर्षी, तिच्या कानांबद्दल. तिला हळू बोललेलं ऐकू येईना, टीव्हीचा आवाज वाढत चालला, चार माणसांत बसली की नुसती हसायची कारण कोण काय बोललं कळायचं नाही, आणि मग हळूहळू चार माणसांत बसणंच बंद केलं. तपासायला नेलं तर तेच. वयाच्या मानाने ठीक आहे. या वेळी मी गप्प बसले नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये सांगितलंय की जगातला सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) अशा १४ कारणांशी जोडलेला आहे ज्यांच्याबद्दल काहीतरी करता येतं, आणि बहिरेपणा त्यातलं एक मोठं कारण आहे, त्याच यादीत बीपी आहे, डायबेटिस आहे, एकटेपणा आहे, नजर कमी होणं आहे. कानाला मशीन लावलं की डिमेन्शिया टळतोच असं कुणी छातीठोक सांगत नाही, मीही सांगणार नाही. पण न ऐकू येणारं माणूस एकटं पडतं हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि एकटेपणा साधा नाही. २०१० मध्ये १४८ अभ्यास आणि तीन लाखांहून जास्त माणसं एकत्र करून बघितलं तर ज्यांची माणसांशी नाती घट्ट होती त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त निघाली. आईला मशीन मिळालं. पहिल्या दिवशी ती म्हणाली, पंखा एवढा आवाज करतो होय! आणि संध्याकाळी मावशीला फोन लावून तासभर बोलली.

तुमच्यातले काही जण म्हणतील की मग काय सगळ्यांच्या सगळ्या तपासण्या करायच्या का? नाही. अजिबात नाही, आणि याबाबतीत मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. डोक्यापासून पायापर्यंत सगळं तपासून देणारी जी पॅकेजं निघालीत त्यांच्याबद्दल मी हे पत्र लिहीत नाहीये. दक्षिण कोरियात सरसकट थायरॉईडची सोनोग्राफी सुरू झाली तेव्हा १९९३ ते २०११ मध्ये थायरॉईड कॅन्सरचं निदान १५ पट वाढलं आणि त्या कॅन्सरने होणारे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले, म्हणजे हजारो लोकांच्या गळ्यावर उगाच सुरी फिरली. तसंच आयुष्य वाढवणाऱ्या गोळ्यांचं. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९ हजार पुरुषांवर बीटा कॅरोटीनचा, म्हणजे शरीरात ज्याचं अ जीवनसत्त्व बनतं त्या घटकाच्या गोळ्यांचा, अभ्यास झाला, सगळ्यांना वाटत होतं कॅन्सर कमी होईल, १९९४ मध्ये निकाल आला तर फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी वाढलेला. म्हणून मला नवीन काही नकोय. जुनं आणि सिद्ध झालेलं तेवढंच हवंय. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, तंबाखू, हालचाल, झोप, वयानुसार ज्या दोन-चार कॅन्सर तपासण्या खरंच जीव वाचवतात त्या, आणि लसी. पेशंटबरोबर दहा-बारा वर्षांची मुलगी आली असेल तर तिच्या एचपीव्हीच्या लसीबद्दल विचारायला किती वेळ लागतो? स्वीडनमध्ये १७ वर्षांच्या आत ही लस घेतलेल्या मुलींत गर्भाशयमुखाचा कॅन्सर ८८ टक्क्यांनी कमी निघाला, २०२० चा अभ्यास आहे. कॅन्सर, आणि तो लसीने टळतोय, आणि त्यासाठी फक्त कुणीतरी वेळेवर विचारायला हवंय.

वेळ नाही हे मला दिसतं. बाहेरची पंचवीस माणसं मी पण बघितलीत, मी त्यांच्यातच बसलेली असते. आजार बरा केला की लोक मिठी मारतात आणि आजार होऊच दिला नाही तर कुणाला कळतही नाही, फी पण मिळत नाही, ही व्यवस्था तुम्ही केलेली नाही. म्हणून मी अर्धा तास मागत नाहीये. तुम्ही जो आकडा फाईलमध्ये लिहिता तो आम्हाला मोठ्याने सांगा. तो किती असायला हवा तेही सांगा. आणि परत कधी यायचं ती तारीख द्या. रसेलच्या त्या पेशंटांसारखं आम्हालाही कळू दे की कुणीतरी विचारणार आहे.

आणि बीपी मोजताना, प्लीज, आम्हाला पाच मिनिटं शांत बसू द्या. जिना चढून आल्या आल्या, पाय लोंबकळत, बोलता बोलता, शर्टाच्या बाहीवरून पट्टा गुंडाळून घेतलेला आकडा कुणाच्या काय कामाचा? पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या पातळीत, तोंड बंद. हात नुसता खाली लोंबकळत ठेवला तरी वरचं प्रेशर सहा-सात आकड्यांनी जास्त येतं, म्हणजे उलट बाजूचीही चूक होते आणि कुणाला तरी विनाकारण गोळी सुरू होते. हे तुम्ही स्वतः करायची गरज नाही. बाहेर बसलेल्या नर्सताई करू शकतात, आम्ही घरी मशीन आणून आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून आणू शकतो, फक्त कसं मोजायचं ते एकदा दाखवा आणि आम्ही आणलेला कागद हातात घेऊन बघा. घरचे आकडे बऱ्याचदा दवाखान्यातल्या एका आकड्यापेक्षा जास्त खरं सांगतात. आणि कधीकधी तुमच्यासमोर आमचं बीपी नुसत्या भीतीने चढतं हेही त्यातूनच कळतं.

'मीठ कमी करा' हे सुद्धा जरा नीट सांगा. किती कमी? दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण एक सपाट छोटा चमचा, दिवसभराचं सगळं मिळून, आणि पाकिटबंद पदार्थांत जे लपलेलं असतं ते धरून. बाबांनी तेव्हा वरून मीठ घ्यायचं बंद केलं होतं आणि त्यांना वाटत होतं आपण डॉक्टरांचं ऐकलंय. त्यांनी खरंच ऐकलं होतं हो. जेवढं सांगितलं होतं तेवढं पूर्ण ऐकलं होतं.

जगाची सरासरी बघितली तर २०१९ मध्ये माणूस सुमारे ७३ वर्षं जगत होता आणि त्यातली धडधाकट वर्षं सुमारे ६३. मधली दहा वर्षं कुणाच्या तरी आधाराने, गोळ्यांच्या डब्याजवळ, अर्धवट शब्दांत. बाबांची ती वर्षं सुरू झालीत. ते मला बघून हसतात, माझं नाव त्यांना आठवतं हे डोळ्यांत दिसतं, पण तोंडातून 'खिडकी' येतं. स्पीच थेरपीच्या बाई म्हणतात सुधारतंय, आणि खरंच सुधारतंय, गेल्या महिन्यात त्यांनी आईला नावाने हाक मारली. आयुष्य वाढवायचं शास्त्र म्हणजे शंभरी गाठणं असं लोकांना वाटतं. मला त्यातलं फक्त ६३ च्या पुढचं हवंय, ज्यात माणूस आपल्या मुलीचं नाव घेऊ शकतो.

मी आता ४१ ची आहे. बाबांचा इतिहास बघून मी घरी मशीन आणलंय आणि गेले सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजतेय, सगळं वहीत तारखेसह लिहिलंय, सरासरी १३६/८६ येतेय. येत्या गुरुवारी माझ्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट आहे, खोकल्यासाठी नाही, गुडघ्यासाठी नाही, याच्यासाठीच. ती वही मी तुमच्या टेबलावर ठेवणार आहे. उघडून बघा, आणि मला वय विचारण्याआधी आकडा वाचा.

आपली,
एका पेशंटची मुलगी